मालक कोठे आहेत?

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्यासमोर नाशिक येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या विषयाचे नाव ‘स्त्री-उद्योजक आणि ग्राहकाची दृष्टी’ असे ठेवण्यात आले आहे. नाव जरा भारदस्त असले, तरी विषय आपल्या रोजच्या खरेदीतला आहे. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, एवढ्यावरून आपण तिच्या मालाविषयी, भावाविषयी आणि शब्दाविषयी काही ग्रह करून घेतो काय? घेत असलो, तर त्याची किंमत कोण मोजतो? या दोन प्रश्नांचा विचार मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभ माझ्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह निकामी झाला. नवा घेण्यासाठी मी तालुक्याच्या गावी एका यंत्रसामग्रीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर एक मध्यमवयीन बाई हिशेब लिहीत बसल्या होत्या. मी विचारले, “मालक कोठे आहेत?” त्या म्हणाल्या, “काय हवे ते सांगा ना.” मी म्हटले, “मालक आले म्हणजे येईन.” तेव्हा त्यांनी वही मिटली आणि शांतपणे म्हणाल्या, “मालक मीच आहे. तुमचा पाइप अडीच इंची की तीन इंची?”

मला ते ठाऊक नव्हते. मी माप न घेताच आलो होतो. त्या बाईंनी मनात आणले असते, तर हाताला लागेल तो व्हॉल्व्ह माझ्या गळ्यात मारता आला असता. त्यांनी तसे केले नाही. “आधी मोजून या, नाही तर दोनदा खेप पडेल,” असे सांगून त्यांनी मला परत पाठविले. बाहेर पडताना मी वर पाहिले. पाटीवर एका पुरुषाचे नाव होते आणि पुढे ‘अँड सन्स’ असे लिहिले होते. दुकान चालवीत होती त्यांची पत्नी, आणि मागच्या खोलीतून माल काढून देत होती मुलगी.

मित्रहो, माझा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. ‘लोखंडी सामानातले बाईमाणसाला काय कळणार’ असे मी मनातल्या मनातदेखील म्हटले नव्हते. तो प्रश्न आपोआप आला, आणि जे आपोआप येते तेच अधिक तपासून पाहावे लागते.

भाषेतली पाटी

हा ग्रह किती जुना आहे ते आपल्या भाषेलाच विचारावे. मराठीत ‘मालकीण’ हा शब्द आहे. परंतु त्याचे दोन अर्थ आहेत. जिची मालकी आहे ती मालकीण, आणि मालकाची बायको तीही मालकीण. व्यवहारात दुसरा अर्थच आधी मनात येतो. शेठची पत्नी शेठाणी, पाटलाची पत्नी पाटलीण, आणि पूर्वी डॉक्टरांच्या पत्नीसही लोक डॉक्टरीणबाई म्हणत. दुकानदार, कारखानदार, ठेकेदार, अडत्या या शब्दांना तर रुळलेले स्त्रीरूपच नाही.

आता दुसरीकडे पाहा. भाजीवाली, फुलवाली, दूधवाली, कोळीण, बोहारीण या सर्व शब्दांत ती स्त्री कोणाची बायको म्हणून येत नाही. ती स्वतः विकणारी म्हणून येते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण सौद्याला किती पक्की असते हे सांगावयास नको. म्हणजे स्त्रीने व्यापार करावा हे आपल्या समाजाला कधीच नवे नव्हते. टोपली तिच्या डोक्यावर असेपर्यंत भाषेने तिला मान्यता दिली. टोपलीचे दुकान झाले आणि दुकानाची पेढी झाली, की शब्द पुरुषाचा झाला.

नाशिककरांना याचा पडताळा पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. बुधवारी गोदाघाटावर भरणाऱ्या बाजारात जावे. भाजी, फळे, फुले, सुकी मिरची, केरसुण्या घेऊन बसलेल्या कितीतरी विक्रेत्या स्त्रिया दिसतील. तेथे मेथीच्या जुडीसाठी आपण दोन-दोन मिनिटे घासाघीस करतो. तेथून वर मेन रोडला आलो आणि काचेच्या कपाटाच्या दुकानात शिरलो, की तोच ग्राहक छापील किंमत मुकाट्याने देतो. हा भेद केवळ स्त्री-पुरुषांचा नाही. टोपली आणि दुकान हा भेदही त्यात आहे. तथापि, टोपलीपाशी बहुधा स्त्री आणि काचेच्या कपाटापाशी बहुधा पुरुष ही विभागणी झालेली असल्यामुळे, दोन्ही भेद एकमेकांत मिसळून गेले आहेत.

याच बाजारात दिसणारी आणखी एक गोष्ट सांगतो. साडी ही स्त्रीच्या जाणकारीची वस्तू. तरीही साडीच्या दुकानात गादीवर पुरुष असतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवितो, आणि समोरची गृहिणी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. त्यात तिला काही विसंगत वाटत नाही. तसेच शिवणकामाचे. पुरुष कपडे शिवू लागला की तो ‘टेलर मास्टर’ होतो. दुकान घेतो, दरफलक लावतो. शेजारच्या ताई तेच ब्लाउज घरी शिवतात, तेव्हा आपण म्हणतो, “घरच्या घरीच तर शिवता, शिलाई जरा कमी लावा.” तिचे ते शिवणकाम, त्याचा तो धंदा. स्वयंपाकाचेही तेच आहे. घरी रोज रांधते ती स्त्री. लग्नाच्या पंगतीला बोलावतात तो आचारी.

थोडक्यात, पुरुष स्त्रियांच्या मानलेल्या क्षेत्रात गेला, तर त्याचे मोल कमी होत नाही, प्रसंगी वाढते. स्त्री पुरुषांच्या मानलेल्या क्षेत्रात आली, तर तिला आधी परीक्षा द्यावी लागते. दरवाजा एकाच बाजूने उघडतो.

संशोधन काय सांगते?

हे केवळ माझे निरीक्षण असते, तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. इतर देशांत यावर मोजमाप झालेले आहे. अमेरिकेत फिलिप गोल्डबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लेख त्याने महाविद्यालयीन विद्यार्थिनींना वाचावयास दिले. लेख तेच, परंतु काही प्रतींवर लेखकाचे नाव जॉन मॅके आणि काहींवर जोन मॅके. पुरुषाचे नाव असलेल्या लेखांना एकंदरीत अधिक पसंती मिळाली, आणि परीक्षक सर्व स्त्रियाच होत्या. पुढे हा प्रयोग अनेकांनी करून पाहिला. निष्कर्ष सर्वत्र सारखे निघाले नाहीत. परंतु ग्राहक स्त्री असली म्हणजे ती स्त्री-विक्रेत्याकडे आपोआप समभावाने पाहते असे गृहीत धरता येत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

दुसरा अभ्यास २०१६ सालचा, ‘ईबे’ या संगणकावरील बाजारातील लिलावांचा. तेथे विक्रेत्याचे लिंग सांगितले जात नाही, परंतु मजकुरावरून पुष्कळदा अंदाज येतो. एकसारख्या नव्या वस्तूसाठी पुरुष विक्रेत्यास १०० मिळत असतील, तर स्त्री विक्रेत्यास सुमारे ८० मिळत, असे आढळले. वापरलेल्या वस्तूंच्या बाबतीत ही तफावत बरीच कमी, १०० ला ९७ इतकीच होती. वस्तू तीच, वेष्टनही तेच. उणे झाले ते विकणारीच्या नावामुळे.

तिसरा अभ्यास आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. बिअर हे पुरुषी समजले जाणारे उत्पादन आणि छोटे केक हे स्त्रियांचे समजले जाणारे उत्पादन संशोधकांनी निवडले. बिअर स्त्रीने बनविली आहे असे सांगितले, तेव्हा लोकांनी तिची किंमत व दर्जा कमी धरला. केक पुरुषाने बनविले आहेत असे सांगितले, तेव्हा मात्र त्याचे काही बिघडले नाही. आपल्या टेलर मास्टरची आणि आचाऱ्याची गोष्ट परदेशातही हीच आहे. या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आपण लक्षात ठेवावा: स्त्रीने बनविलेल्या त्या बिअरला एखादे पारितोषिक मिळाले आहे असे कळले, की तिची उणीव बरीच भरून निघाली. तिऱ्हाइताच्या साक्षीचा उपयोग कसा होतो याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

विश्वासाची चौकट

यावर कोणी म्हणेल, ‘असे कसे? पापड, लोणची, मसाले, दिवाळीचा फराळ यांत तर आम्ही स्त्रियांच्याच हातावर विश्वास ठेवतो.’ हे खरे आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली. भांडवल ८० रुपयांचे, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. आज सुमारे ४५ हजार भगिनी तिच्या सभासद आहेत आणि प्रत्येक सभासद ही सहमालक मानली जाते. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

ही कथा सर्वांना माहीत आहे. परंतु तिच्यातील दोन निर्णयांची चर्चा आपण क्वचितच करतो. पहिला निर्णय असा की, संस्था अडचणीत आली तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही. दुसरा निर्णय मालाच्या प्रतीचा. आरंभी या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगल्या प्रतीचा आणि एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला की, प्रत एकच ठेवा आणि ती कधी ढळू देऊ नका. सकाळी पीठ घरी न्यावयाचे, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड आणून द्यावयाचे, ते तोलून व तपासून घेतले जावयाचे, ही पद्धत त्यातूनच रुजली. ‘बिचाऱ्या बायका आहेत, घ्या दोन पाकिटे’ ही भाषा त्यांनी पहिल्या दिवसापासून नाकारली. ग्राहक पुन्हा आला तो चवीसाठी.

आपल्या बचत गटांच्या बाबतीत मात्र ही भाषा आपणच पुष्कळदा वापरतो. प्रदर्शनात मान्यवर फिरतात, एक-दोन पाकिटे घेतात, छायाचित्र निघते. दयेने घेतलेले पाकीट घरी जाऊन फोडले जातेच असे नाही, आणि न फोडलेल्या पाकिटाचा ग्राहक परत येत नाही. दया दाखविणारा ग्राहक भाव पाडून घेण्यासही कचरत नाही, कारण त्याच्या लेखी तो उपकार करीत असतो.

दुसरी अडचण अशी की, हा विश्वास स्वयंपाकघराच्या चौकटीत बंद आहे. त्याच गटाने पाइप जोडण्याचे, मोटार रिवाइंडिंगचे किंवा सौर दिव्यांच्या दुरुस्तीचे काम घेतले, तर तोच ग्राहक ‘काम जमेल ना?’ असे विचारतो. पापडाच्या वेळी हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. तेथे तो विश्वास बाईच्या कौशल्यावर ठेवीत होता की बाई असण्यावर, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

स्वयंपाकघराचा हा विश्वास इतका मोलाचा आहे की, पुरुषांचे उद्योगही तो उसना घेतात. ‘घरगुती’, ‘आईच्या हातचे’, ‘काकूंचे’ असे छापलेल्या पाकिटामागे कोण मालक आहे हे ग्राहक पाहत नाही. उलट, दिल्लीच्या एमडीएच मसाल्याच्या पाकिटावर महाशय धर्मपाल गुलाटी यांचा फेटेधारी चेहरा वर्षानुवर्षे होता. मसाला पुरुषाच्या नावे आहे म्हणून कोणी तो बाजूला ठेवला नाही. नाशिकचे प्रसिद्ध द्राक्षमद्य ‘सुला’ हे नाव, तो उद्योग १९९९ साली उभारणारे राजीव सामंत यांनी आपल्या आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून घेतले. मुलाने आईचे नाव लावावे यात कृतज्ञता आहे, आणि मी त्यास नावे ठेवीत नाही. मी एवढेच विचारतो की, स्त्रीचे नाव मालाच्या वेष्टनावर इतके शोभते, तर दुकानाच्या पाटीवर, बँकेच्या खात्यावर आणि निविदेच्या अर्जावर पाहताना आपण का थबकतो?

राबणारी आणि नाव असणारी

ग्राहकाला जे दिसत नाही त्याची तो किंमत करीत नाही. चित्रपट उद्योगाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि १९१३ नंतर त्यांनी आपला उद्योग नाशिकला आणला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची तांत्रिक कामे शिकल्या व करू लागल्या, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही पाहत. प्रेक्षकांना मात्र पडद्यावर एकच नाव दिसले.

आपल्या जिल्ह्यातील शेतीचा व्यवहारही याहून वेगळा नाही. द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग, काढणी, पेटी भरणे या कामांत स्त्रियांचा हात मोठा असतो. शेतमालाचा पहिला ग्राहक व्यापारी. तो बागेत आला की भाव कोणाशी बोलतो? कांदा लासलगावच्या बाजार समितीत गेला, तर हिशेबपट्टी कोणाच्या नावे निघते? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिवाटदार खातेदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. याच नाशिक जिल्ह्यात, चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरला. सातबाऱ्यावरील नावाने घरातील मान वाढतो, हे त्या वेळी पुष्कळ बोलले गेले. मी त्यात एवढीच भर घालतो की, त्या नावाने बाजारातील मानही वाढतो. कारण व्यापाऱ्याला ज्याच्या सहीची गरज असते, त्याच्याशीच तो भाव बोलतो.

बिगरशेती उद्योगांची स्थिती थोडी बरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील एकमालकी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांच्या मालकीचे आढळले. म्हणजे पाच पाट्यांपैकी एक. परंतु यातही सावध राहावे लागते. योजनेचा लाभ मिळावा म्हणून पत्नीच्या नावे नोंदणी करावयाची आणि सर्व निर्णय आपण घ्यावयाचे, अशी कागदोपत्री मालकी काही ठिकाणी आढळते. यामुळे खऱ्या स्त्री-उद्योजकाचे दुहेरी नुकसान होते: तिचा वाटा जातो, आणि ‘बाईच्या नावावरचा धंदा म्हणजे कोणाचा तरी दुसऱ्याचाच’ हा ग्राहकाचा समज पक्का होतो. ‘मालक कोठे आहेत?’ या प्रश्नाला आपणच आधार पुरवितो.

कार्यालयाचा वाटा

येथे मला दुसरी कबुली दिली पाहिजे. सेवेत असताना प्रशिक्षणाच्या अर्जांची छाननी माझ्याकडे काही काळ होती. एका तरुण स्त्रीने विद्युत मोटारींच्या दुरुस्तीचे प्रशिक्षण मागितले होते. तिच्या वडिलांचे तेच काम होते आणि ती लहानपणापासून त्यांच्या हाताखाली वावरलेली होती. मी तिला प्रेमाने समजावले: “तुझ्याकडे मोटार घेऊन येणार कोण? त्यापेक्षा शिवणकामाचा अर्ज भर, लगेच मंजूर होईल.” तिने तो भरला. शिवणयंत्र मी मंजूर केले, आणि त्या वर्षीच्या उद्दिष्टपूर्तीत ते मोजलेही.

मी तिचे वाईट चिंतिले नव्हते. गिऱ्हाईक तिच्याकडे येणार नाही, असा माझा अंदाज होता. परंतु गावात ज्यांच्या मोटारी जळतात, त्यांना स्त्री दुरुस्तीकार पाहण्याची संधीच मी दिली नाही. ग्राहकाचा ग्रह मी आधीच खरा धरला आणि स्वतःच्या सहीने पक्का केला. त्याच गावात शिवणयंत्रे आणखी चार झाली, चौघींत शिलाईची चढाओढ लागली आणि शिलाईचा दर खाली आला. आपण सर्व स्त्रियांना एकाच चौकटीत बसविले, की त्या एकमेकींच्याच स्पर्धक होतात, हा धडा मला उशिरा मिळाला.

ग्रह बदलतो तो अनुभवाने

मग उपाय काय? ग्राहकाला उपदेश करून त्याचा ग्रह जात नाही. या बाबतीत आपल्याच देशातील एक अभ्यास आशादायक आहे. पश्चिम बंगालमधील ग्रामपंचायतींत प्रमुखपदे स्त्रियांसाठी आळीपाळीने राखीव होत. संशोधकांनी ग्रामस्थांना एकच भाषण ऐकविले. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना स्त्रीच्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या गावांनी स्त्री-प्रमुख कधी पाहिली नव्हती, तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील भाषणाला कमी गुण दिले. जेथे लोकांनी स्त्रीचा कारभार अनुभवला होता, तेथे हा भेद जवळजवळ नाहीसा झाला. मनातील आवडनिवड फारशी बदलली नव्हती. परंतु ‘बाईला जमत नाही’ हा ग्रह गेला होता.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. ‘सरपंच कोठे आहेत?’ हा प्रश्न प्रत्यक्ष सरपंचबाईंना विचारला गेल्याचे अनुभव या सभागृहात बसलेल्या भगिनींपाशी असतील. ज्या गावात त्या स्वतः खुर्चीवर बसल्या, तेथे तो प्रश्न हळूहळू थांबला, हेही त्या सांगतील. दुकानाचे तसेच आहे. पहिली खरेदी कठीण असते. तिसऱ्या-चौथ्या खरेदीला ग्राहक गल्ल्यावर कोण आहे हे विसरतो आणि माल पाहू लागतो. म्हणून पहिली खरेदी घडवून आणणे हे आपणां सर्वांचे काम आहे. राज्याने २००७ मध्ये स्वस्त धान्य दुकानांच्या परवान्यांत महिला बचत गटांना प्राधान्य देण्याचे धोरण घेतले. त्याचे मोल माझ्या मते याही दृष्टीने आहे: जेथे असे दुकान आहे, तेथे शिधापत्रिका असलेले घर तराजू स्त्रीच्या हातात पाहते.

चार सूचना

शेवटी, आपापल्या अधिकारात करता येतील अशा चार गोष्टी मी सुचवितो.

पहिली, साक्षीची. ज्याच्यावर ग्राहकाचा आपोआप विश्वास बसत नाही, त्याला तिऱ्हाइताची साक्ष अधिक उपयोगी पडते. प्रमाणित वजन-काटा, अन्न परवान्याचा क्रमांक, ॲगमार्क किंवा आयएसआय यांसारखे चिन्ह, कारागिराच्या प्रशिक्षणाचे भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र, छापील दरफलक आणि पक्की पावती या गोष्टी पुरुष दुकानदारास सोयीच्या असतात. स्त्री दुकानदारास त्या ढालीसारख्या उपयोगी पडतात. विस्तार अधिकाऱ्यांनी गटांना कर्जाबरोबर या गोष्टी मिळवून द्याव्यात. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान यांची यंत्रणा गावागावांत आहे. तिचा उपयोग करावा.

दुसरी, नावाची. उद्योग खरोखर जिचा आहे तिचे नाव पाटीवर, खात्यावर आणि पावतीवर असावे. केंद्र शासनाच्या खरेदी धोरणात २०१८ पासून किमान ३ टक्के खरेदी स्त्रियांच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करण्याची तरतूद आहे. अशा तरतुदींचा लाभ कागदी मालकीला मिळू नये म्हणून धनादेशावर सही कोणाची, भाव कोण ठरविते आणि माल कोण निवडते, हे तीन साधे प्रश्न तपासणीत विचारावेत.

तिसरी, पंचायतीच्या खरेदीची. ग्रामपंचायत हीदेखील ग्राहकच आहे. दिव्यांचे साहित्य, पाइप, रंग, लेखनसामग्री ती घेते. दुरुस्तीची कामे देते. महिला व बालकल्याणासाठी ठेवावयाच्या १० टक्के निधीतून दरवर्षी शिवणयंत्रेच घ्यावीत असा नियम नाही. एखाद्या वर्षी दोन मुलींना नळजोडणी किंवा मोटार दुरुस्ती शिकवावी, आणि पंचायतीच्या नळाचे पहिले काम त्यांनाच द्यावे. काम वाईट झाले, तर इतर कोणास सांगाल तसेच त्यांनाही सुनवावे. दोष दाखविणारा ग्राहक दया करणाऱ्या ग्राहकापेक्षा अधिक उपकारक असतो, कारण तो पुन्हा येणार असतो.

चौथी सूचना शिक्षकांसाठी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून घरकाम करीत असल्याची चित्रे आली आणि त्यांची मोठी चर्चा झाली. त्या चित्राची दुसरी बाजू आपण गणिताच्या तासाला दाखवू शकता. ‘एका दुकानदाराने १२ रुपयांस वस्तू घेऊन १५ रुपयांस विकली’ हे उदाहरण घालताना कधी ते दुकान सुमनताईंचे असू द्या, आणि ते दुकान बांगड्यांचे नसून सिमेंटचे असू द्या. मुले नफा काढतील. कोणी नवल करणार नाही. ज्या वयात नवल वाटत नाही, त्याच वयात हे घडले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, फूटव्हॉल्व्हची गोष्ट अर्धीच राहिली. मी घरी जाऊन पाइप मोजला. तो अडीच इंची निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. बाई गल्ल्यावर नव्हत्या. त्यांची मुलगी बसली होती. माझ्या तोंडी ‘आई कोठे आहेत?’ असे शब्द आले होते, ते मी गिळले आणि म्हणालो, “अडीच इंची फूटव्हॉल्व्ह द्या.” तिने दोन प्रकार पुढे ठेवले, दोहोंतील फरक सांगितला आणि पावती फाडली. त्या पावतीवर अजूनही जुनेच नाव होते, ‘अँड सन्स’सह. ते बदलणे त्यांच्या हाती आहे. आपल्या हाती आहे ते दुकानात शिरताना विचारण्याच्या प्रश्नाचे. ‘मालक कोठे आहेत?’ असे न विचारता आपण ‘हा माल कसा दिला?’ असे विचारू लागलो, तरी आजच्या या सभेचे काम झाले असे मी समजेन.